तळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

एखाद्या सकाळी गावतळ्यात शेकडो मासे पोट वर करून तरंगताना दिसतात आणि पहिली चर्चा सुरू होते ती विषाची. कुणी रात्रीत औषध टाकलं, कुठल्या कारखान्याने टाकी मोकळी केली, मासेमारीच्या ठेकेदाराचं कुणाशी वाकडं आहे. तक्रार होते. अकरा-बाराच्या सुमारास अधिकारी येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. अहवाल येतो की विषारी द्रव्य आढळलं नाही, पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे. मग तर सगळ्यांची खात्रीच पटते, की काहीतरी दाबलं जातंय.

कधी कधी खरंच कुणीतरी काहीतरी टाकलेलं असतं. पण पाणी हिरवंगार असेल आणि आदले दोन-तीन दिवस ढगाळ गेले असतील, तर अहवालही खरा असू शकतो आणि मासे गुदमरून मेले हेही खरं असू शकतं. बाटली भरायची वेळ तेवढी चुकली.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच फार कमी मावतो. लिटरभर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात मात्र हवेतून मिसळून मिसळून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो, आणि पाणी जितकं गरम तितका कमी. माशांना नीट जगायला चार-पाच मिलिग्रॅम लागतो, दोनच्या खाली बहुतेकांचा जीव जायला लागतो. म्हणजे शिल्लक अशी फारशी नसतेच. हिरव्या पाण्यात प्रत्येक थेंबात सूक्ष्म शेवाळाच्या पेशी असतात. ऊन असताना त्या प्रकाशसंश्लेषण करून भराभर ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे दुपारी तळ्यात तो पंधरा मिलिग्रॅमपर्यंतही जातो. सूर्य मावळला की हे थांबतं, पण श्वास घेणं थांबत नाही. शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा खाणारे जिवाणू असे सगळे मिळून रात्रभर त्याच साठ्यावर जगतात. साठा संपण्याची वेळ म्हणजे सूर्योदयाच्या थोडी आधीची. आदले दिवस ढगाळ असतील तर साठा मुळातच अर्धवट भरलेला असतो. मासे पृष्ठभागावर येऊन आ वासतात, उजाडेपर्यंत मरतात, आणि अकरा वाजता अधिकारी येईपर्यंत उन्हाने ऑक्सिजन पुन्हा भरून काढलेला असतो.

विष की गुदमरणं, हे ओळखायची एक ढोबळ खूण मच्छीमारांना ठाऊक असते. ऑक्सिजन संपला तर मोठे मासे आधी जातात. कटला-रोहू मेलेले दिसतात, पण हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ आणि मागूर त्याच पाण्यात जिवंत सापडतात. विषाने बहुधा लहान पिल्लं आधी मरतात आणि मरळही सुटत नाहीत.

आता मूळ प्रश्न. पाणी इतकं हिरवं होतंच का? ‘घाण झालंय म्हणून’ हे उत्तर सोयीचं आहे, पण त्यातून उपाय चुकीचे सुचतात. तळ्याला झालेला आजार हा अति खाण्याचा आहे. पाण्यात वनस्पतींचं खाद्य प्रमाणाबाहेर साठतं, त्याला शास्त्रात सुपोषण म्हणतात. शेतकरी पिकाला जे घालतो तेच हे खाद्य, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. गंमत अशी की मत्स्यशेती करणारे हेच मुद्दाम विकत आणून घालतात. तळ्यात शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात, पाणी हिरवट होतं, त्यावर सूक्ष्म प्राणी पोसतात आणि त्यांच्यावर मासे. जाणता मत्स्यशेतकरी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवतो आणि तळवा दिसतो का बघतो. दिसेनासा झाला की खत बंद. सार्वजनिक तलावात मात्र खत बंद करायला कुणीच बसलेलं नसतं.

नायट्रोजन आणि फॉस्फरस यांतला कळीचा कोण, यावर साठच्या दशकात उत्तर अमेरिकेत जोरदार वाद झाला. साबण कंपन्यांना फॉस्फरसचं नाव नको होतं, कारण त्यांच्या कपडे धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट ठासून भरलेलं असायचं. शेवाळ वाढतं ते कार्बनमुळे, असंही त्या बाजूने मांडलं गेलं. याचा निकाल प्रयोगशाळेतल्या बरण्यांमध्ये लागण्यासारखा नव्हता, म्हणून कॅनडाने १९६८ साली ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागातली डझनावारी छोटी सरोवरं प्रयोगासाठी राखून ठेवली. त्यांतलं २२६ क्रमांकाचं सरोवर मध्ये अरुंद आणि दोन्हीकडे फुगलेलं होतं. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या अरुंद जागी प्लास्टिकचा जाड पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्या भागात तेच दोन्ही, आणि जोडीला फॉस्फरस. काही आठवड्यांत दुसरा भाग हिरवागार झाला आणि पहिला होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पुढे संसदेपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे फिरला. तलावांच्या अभ्यासात इतका बोलका फोटो दुसरा नसावा. कॅनडाने धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर या प्रयोगाच्या आधीच मर्यादा घालायला सुरुवात केली होती. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्या दशकात तशाच मर्यादा घातल्या, त्या बाजूला या प्रयोगाने आणि या फोटोने बळ दिलं.

कारण समजायला अवघड नाही. शेवाळाला फॉस्फरसचा एक अणू लागला तर नायट्रोजनचे सुमारे सोळा आणि कार्बनचे सुमारे १०६ लागतात. पुरणपोळ्या करायला बसलात, डाळ आणि कणीक पोतंभर आहे, पण गूळ एकच ढेप आहे, तर पोळ्या किती होणार हे गूळच ठरवतो. गोड्या पाण्यात हा गूळ बहुतेक वेळा फॉस्फरस असतो. कार्बन हवेतून येतच राहतो. नायट्रोजन कमी पडला तर नील-हरित शेवाळाच्या काही जाती तो थेट हवेतून ओढून घेतात. फॉस्फरसला हवेची वाट नाही. तो आला तर पाण्याबरोबर किंवा मातीबरोबरच येणार. म्हणून अडवायचा तर तोच अडवावा. समुद्रात आणि खाड्यांत गणित थोडं बदलतं, तिथे नायट्रोजनही सांभाळावा लागतो. आणि काही उथळ, उष्ण तलावांबाबतही ‘दोन्ही कमी करा’ म्हणणारे संशोधक आहेत. पण फॉस्फरसला सोडून द्या, असं कुणीच म्हणत नाही.

किती फॉस्फरस पुरतो, ते ऐकल्यावर नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाकडे बघायची नजरच बदलते. लिटरमागे ३० ते ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की तलाव सुपोषित धरला जातो. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. घरगुती सांडपाण्यात फॉस्फरस लिटरमागे पाच ते दहा मिलिग्रॅम असतो, म्हणजे या मर्यादेच्या दीडशे-दोनशे पट आणि त्याहूनही वर. पैकी बराचसा कारखान्यातून नाही, आपल्याच शरीरातून आलेला. एक माणूस दिवसाला साधारण दीड ग्रॅमपर्यंत फॉस्फरस बाहेर टाकतो आणि त्यातला मोठा वाटा लघवीतून जातो. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या ४८ लाखांवर होती, आता ती खूपच वाढली आहे. जुनाच आकडा धरला तरी दिवसाला सात टनांच्या आसपास फॉस्फरस होतो. या शहरांचं पाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीतून भीमेत जातं आणि भीमेवर पुढे उजनीचं धरण आहे. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं पडल्याच्या बातम्या येतात आणि त्याच जलाशयावर सोलापूर शहर पाणी पितं. वाटेत उसाची शेतीही आहे, तिचं खत वेगळं.

‘पण आता मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं झाली आहेत ना?’ झाली आहेत, आणि व्हायलाच हवीत. मात्र नेहमीच्या पद्धतीचं केंद्र बांधलेलं असतं ते सेंद्रिय घाण जिवाणूंकडून खाऊन घ्यायला. त्यात फॉस्फरसचा पाव-एक हिस्सा गाळाबरोबर निघतो, बाकीचा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून सरळ पुढे. नळीतून बाहेर पडणारं पाणी काचेसारखं असतं, वास येत नाही, पाहुण्यांना दाखवता येतं आणि तलावाच्या दृष्टीने ते पातळ केलेलं खतच असतं. फॉस्फरस काढायला तुरटीसारखी किंवा लोहाची क्षारं घालून तो तळाशी बसवावा लागतो, नाहीतर खास जिवाणूंची वेगळी टाकी लागते. खर्च वाढतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये या केंद्रांच्या पाण्यासाठी जे निकष अधिसूचित केले, त्यांत फॉस्फरसची अटच नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मोठ्या शहरांसाठी लिटरमागे एक मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. तुमच्या शहरातल्या केंद्राबद्दल ‘अमुक दशलक्ष लिटर क्षमता’ हा आकडा वर्तमानपत्रात येतो. ‘बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती’ हा आकडा मी तरी कधी मथळ्यात वाचलेला नाही.

समजा, सगळे नाले वळवले. तरी तलाव लगेच निळा होत नाही, आणि इथेच बहुतेक योजना बदनाम होतात. वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात बसलेला असतो. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सरोवरांवर क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये हे कसं चालतं ते दाखवलं. गाळाच्या वरच्या पापुद्र्यात ऑक्सिजन असेल तर तिथलं लोह गंजलेल्या रूपात असतं आणि फॉस्फरसला धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की ते लोह विरघळतं आणि धरलेला फॉस्फरस सुटतो. म्हणजे शेवाळ मरून तळाशी कुजतं, कुजताना ऑक्सिजन संपतो, तो संपला की गाळ खत सोडतो, त्या खतावर पुन्हा शेवाळ वाढतं. एप्रिल-मे मध्ये वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर झाकण घालून बसतं. खाली ऑक्सिजन पोचायचा मार्ग बंद. मग वळवाचा जोरदार पाऊस, वाऱ्याचा तडाखा, आणि खालचं काळं, कुबट पाणी एका रात्रीत वर येतं. पहिल्या पावसानंतर मासे मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांतल्या कितीतरी अशाच असतात.

मग उपाय? सगळ्यात दिसणारा उपाय म्हणजे जलपर्णी काढणं. पोकलेन लागतात, डंपर लागतात, फोटो छान येतात. अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात भारतात आली ती फुलांच्या देखणेपणामुळे, आणि पोषण मिळालं तर दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. ती काढूच नये असं नाही. पण हिशेब मांडून बघा. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, एक टन ओल्या जलपर्णीत फॉस्फरस निघतो तो ढोबळमानाने पाव किलो. एक लाख लोकांच्या सांडपाण्यातून रोज दीडशे किलोपर्यंत येतो. केवळ त्याची बरोबरी करायला रोज सहाशे टन जलपर्णी काढावी लागेल, म्हणजे दहा टनांचे साठ डंपर, रविवार धरून. आणि काढलेला ढीग काठावरच सोडला, जसा तो अनेकदा सोडलेला दिसतो, तर पावसात त्याचा काढा परत तलावात. नाला तसाच ठेवून जलपर्णीचा ठेका देणं हे तलावापेक्षा ठेक्याच्या आरोग्याला जास्त मानवतं.

निर्माल्याचंही असंच. ते पाण्यात टाकू नये हे खरं, पण गणपतीच्या दहा दिवसांत जितकी चर्चा होते तितका तलावाच्या फॉस्फरसमध्ये त्याचा वाटा नसतो. सांडपाणी ३६५ दिवस येतं आणि त्याची मिरवणूक निघत नाही.

कारंजी आणि हवा घालणारी यंत्रं माशांचा जीव वाचवतात, खत कमी करत नाहीत. शिवाय ती बहुतेक ठिकाणी संध्याकाळी लोक फिरायला येतात तेव्हा चालतात आणि रात्री बंद. गरज नेमकी मध्यरात्रीनंतर असते. भर दुपारी हिरव्या पाण्यात यंत्र चालवलं तर क्षमतेपेक्षा जास्त झालेला ऑक्सिजन उलट हवेत निघून जातो. जिवाणूंच्या द्रावणाचे कॅन ओतून तलाव ‘जिवंत’ करणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारीन. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते नाहीसं करू शकत नाहीत, मग ते शेवटी कुठे गेलं?

गाळ काढणं हा त्या मानाने खरा उपाय आहे, कारण त्यात खत खरोखर बाहेर जातं. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तिचा हेतू साठवण वाढवण्याचा आणि हलक्या जमिनीत माती भरण्याचा. पण गाळाबरोबर तळाचा फॉस्फरसही शेतात परत जातो, म्हणजे मुळात जिथून निघाला तिथेच. गावतळ्यांसाठी हे उत्तम. शहरी तलावाचा गाळ शेतात टाकायच्या आधी जड धातूंची तपासणी मात्र हवीच.

हे सगळं नीट केलं तर काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेत सिअॅटल शहराला लागून असलेलं वॉशिंग्टन सरोवर. दुसऱ्या महायुद्धानंतर काठच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात जात होतं. प्रक्रिया केलेलं, हे लक्षात घ्या. १९५५ मध्ये तिथे एक विशिष्ट नील-हरित शेवाळ सापडलं. युरोपातली सरोवरं बिघडली तेव्हा हेच शेवाळ आधी दिसलं होतं, हे प्राणिशास्त्रज्ञ टॉमी एडमंडसन यांना माहीत होतं. ते त्यांनी लोकांना सांगितलं, सरोवराचं पुढे काय होईल तेही सांगितलं. १९५८ मध्ये लोकांनी मतदान करून सांडपाण्यासाठी महानगर यंत्रणा उभारायला मंजुरी दिली आणि १९६३ ते १९६८ मध्ये टप्प्याटप्प्याने सगळं सांडपाणी सरोवरातून वळवण्यात आलं. साठच्या दशकाच्या मध्यात पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी एक मीटरच्या आतच दिसेनाशी व्हायची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती सात मीटरपर्यंत दिसायला लागली. सरोवर खोल होतं आणि बिघडून फार वर्षं झाली नव्हती, हे त्याचं नशीब. आपल्या उथळ, पन्नास वर्षं सांडपाणी पचवलेल्या तलावांना इतक्या लवकर गुण येईल अशी आशा कुणी दाखवली, तर ती तपासून घ्यावी.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवराची गोष्ट याच्या उलट वळणाने गेली. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर शहरांच्या सांडपाण्यातला फॉस्फरस खूप कमी केला गेला, ऐंशीच्या दशकात सरोवर सुधारलं, आणि नव्वदच्या दशकानंतर पुन्हा हिरवं पडायला लागलं. या वेळी मुख्य वाटा मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या मका-सोयाबीनच्या शेतांमधून वाहून येणाऱ्या खताचा होता. नळीच्या तोंडाशी फॉस्फरस अडवता येतो, हजारो शेतांच्या बांधावर तो अडवणं फार कठीण. ऑगस्ट २०१४ मध्ये त्या सरोवरावर पाणी पिणाऱ्या टोलेडो शहराच्या परिसरातल्या चार-पाच लाख लोकांना जवळजवळ तीन दिवस सांगावं लागलं की नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूनही पिऊ नका.

उकळूनही नाही, हे महत्त्वाचं. नील-हरित शेवाळ हे खरं तर शेवाळ नसून जिवाणू आहेत. त्यांच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृतावर परिणाम करणारं विष बनवतात. उकळल्याने ते मोडत नाही, उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम आहे. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष राहिलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. लोणारचं खारं पाणी युगानुयुगं हिरवं आहे ते वेगळ्या कारणाने. पण नुसतं बघून विषारी कोणतं ते सांगता येत नाही, म्हणून वरच्या सायीपासून लांब राहणं बरं.

शेततळ्याच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे. शेवाळाने ठिबकचे फिल्टर तुंबायला लागले की मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची पद्धत आहे. तळं दाट हिरवं असताना सगळीकडे एकदम मोरचूद टाकला तर पेशी एकाच वेळी फुटतात, आतलं विष पाण्यात सुटतं आणि कुजण्यात ऑक्सिजन संपून मासेही जातात. टाकायचाच तर शेवाळ कोवळं असताना, तज्ज्ञाला विचारून, थोडा थोडा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळात नको आणि वरच्या सायीतही नको, मधल्या थरात तरंगता ठेवावा. खताची पिंपं आणि पोती तळ्याच्या वरच्या अंगाला धुऊ नयेत, गोठ्याचं पाणी चर खणून बाजूला काढावं. आणि वारा वाहून नेतो त्या काठाला हिरवी जाड साय जमली असेल, तर त्या दिवशी जनावरं त्या काठाला पाण्यावर नेऊ नयेत. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराकाठी अशी साय प्यायलेल्या मेंढ्या, घोडे आणि कुत्री काही तासांत मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्येच छापून ठेवली आहे. विरुद्ध बाजूच्या काठाला, जिथून वारा येतो तिथे, पाणी बहुधा बरंच मोकळं असतं. तरी त्या दिवसांत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हौदात भरून पाजणं सगळ्यात सुरक्षित.